सोडियम चॅनलवरील विषे (खानदेशातील आढळ)

चेतापेशींच्या आवरणातील सोडियम चॅनल (सोडियमचे कण आत सोडणारी प्रथिनांची दारे) विषामुळे वेळेवर मिटेनासे झाले की संदेशवहन बिघडते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कपाशीच्या शिवारात अशी दोन विषे भेटतात: लाल विंचवाचे विष आणि सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील फवारणीची औषधे.

शांत चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. आवेग, म्हणजे विद्युत संदेश, येताच सोडियम चॅनल उघडतात, सोडियम आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि विद्युतदाब धन होतो. मिलिसेकंदाच्या आसपास चॅनलची आतली झडप मिटते. मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होते. ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी माकुळाच्या (स्क्विडच्या) जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटावर, प्रयोग करून हे गणित १९५२ मध्ये मांडले.

लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस) दगडांच्या फटींत, बांधावर, पऱ्हाटीच्या ढिगाखाली दडतो. त्याच्या विषातील लहान प्रथिने झडप मिटू देत नाहीत. चॅनल उघडाच राहिल्याने चेतातंतू पुनःपुन्हा आवेग सोडतात आणि हृदय, घाम, लाळ आपोआप चालवणारी स्वायत्त चेतासंस्था बेभान होते. आधी उलट्या, घामाच्या धारा, लाळ आणि पुरुषांत वेदनादायक लिंगताठरता दिसते. मग ॲड्रेनॅलिनच्या लोंढ्याने हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. लहान मुलांना धोका सर्वाधिक. नुसती ठणक असेल तर सहसा जिवावर बेतत नाही. घाम आणि गार हातपाय ही खरी धोक्याची खूण. त्या वेळी विंचू उतरवणाऱ्याकडे घालवलेला प्रत्येक तास रुग्णाच्या जिवावर येतो.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिनची गोळी वापरून या मृत्यूंना आळा घातला. हे औषध चॅनलला हातही लावत नाही; ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहके (ॲड्रेनॅलिनचा संदेश घेणारी प्रथिने) अडवून हृदयावरचा भार उतरवते. महाराष्ट्राच्या ग्रामीण वैद्यकातले हे फार मोलाचे काम आहे. जोडीला प्रतिविषही दिले जाते. दंशाच्या जागी टोचलेले लिग्नोकेन मात्र सोडियम चॅनल बंद करूनच ठणक थांबवते.

याच विंचवाच्या विषातील आयबेरिओटॉक्सिन एका विशिष्ट पोटॅशियम चॅनलला अडवते. तो चॅनल ओळखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हे विष वापरतात.

पायरेथ्रॉइड हे शेवंतीच्या कुळातील एका फुलातून मिळणाऱ्या पायरेथ्रिनचे कृत्रिम भाऊबंद. त्यांनीही सोडियम चॅनल उघडा राहतो आणि अळी आचके देऊन मरते. माणसाचे चॅनल त्यांना कमी दाद देतात आणि यकृत ती लवकर मोडते, म्हणून फवारणाऱ्याला बहुधा चेहऱ्यावर चुणचुण जाणवण्यावर भागते. पोटात गेल्यास मात्र झटके येऊ शकतात आणि त्यावर नेमका उतारा नाही. बाजारात सायपरमेथ्रिन व प्रोफेनोफॉस एकत्र असलेली औषधेही मिळतात. प्रोफेनोफॉस चॅनलवर नव्हे, ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकरावर घाला घालते आणि तिथे ॲट्रोपिन हा उतारा लागतो. म्हणून रुग्णाबरोबर औषधाचा डबा दवाखान्यात नेलाच पाहिजे.

बीटी कपाशीतले प्रथिन या गटात मोडत नाही. ते चेतापेशींना न शिवता बोंडअळीच्या आतड्यातील पेशींना भोके पाडते. पायरेथ्रॉइडला न जुमानणाऱ्या काही किडींत तर सोडियम चॅनलचीच रचना बदललेली असते. तिथे मात्रा वाढवत नेल्याने कीड आटोक्यात येत नाही, फवारणाऱ्याच्या अंगावर विष तेवढे जास्त पडते.