ऑनलाइन खेळांतली लग्नं आणि शोकसभा: पार्श्वभूमी

खेळात विधी करायची हौस ग्राफिक्सपेक्षा फार मागे नाही. १९८६ मध्ये कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर आलेल्या ‘हॅबिटॅट’मध्ये, प्रत्यक्षात धर्मगुरू असलेल्या एका खेळाडूने स्वतःचा पंथ काढला होता आणि अनुयायांना शस्त्र बाळगायला बंदी केली होती. पुढे ‘फायनल फँटसी इलेव्हन’मध्ये कंपनीचेच कर्मचारी भटजीच्या भूमिकेत येऊन लग्नं लावू लागले, मात्र जोडी स्त्री-पुरुष पात्रांचीच लागे. वाद पेटला तो लग्नावरून नाही, शोकसभेवरून.

मार्च २००६. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये होर्ड आणि अलायन्स असे दोन शत्रू गट. त्याच्या एका पीव्हीपी (खेळाडूंनी एकमेकांशी लढायच्या) सर्व्हरवर होर्ड गटातल्या एका खेळाडूचं प्रत्यक्षात निधन झालं. तिला खेळात मासे पकडायला आवडायचं, बर्फही आवडायचा, म्हणून मित्रांनी विंटरस्प्रिंग या बर्फाळ प्रदेशातल्या तळ्याकाठी शोकसभा ठरवली. तिचं पात्र लॉगिन करून काठावर उभं केलं आणि लोक रांगेने पुढे येऊन आदरांजली वाहू लागले. तेवढ्यात अलायन्सची एक गिल्ड, म्हणजे खेळाडूंची टोळी, चालून आली, सगळ्यांना मारलं आणि त्याचा व्हिडिओही टाकला.

हल्लेखोरांची बाजू अशी: नियम मोडला नाही. पीव्हीपी सर्व्हरवर विंटरस्प्रिंग हा वादग्रस्त, म्हणजे कुणा एका गटाच्या हद्दीत नसलेला, प्रदेश. तिथे पाऊल टाकताच पात्रावर पीव्हीपीचा झेंडा आपोआप लागतो आणि समोरचा गट खुशाल वार करू शकतो. शिवाय अशा मरणात चिलखत झिजत नाही. भूत होऊन प्रेतापर्यंत पळत गेलं की पुन्हा उभे. नुकसान काय झालं?

आयोजकांना ‘मग आपल्याच हद्दीत का नाही जमलात’ असं अजूनही विचारलं जातं. प्रश्न वरवर बरोबर आहे. स्वतःच्या गटाच्या प्रदेशात, उदाहरणार्थ मलगोरमध्ये, आपण होऊन वार केला नाही तर शत्रूला आपल्याला हात लावता येत नाही. (झेंडा लागलेल्या मित्राला बरं करायला गेलात तर मात्र झेंडा तुम्हालाही लागतो, यात भलेभले फसतात.) पण तेव्हाच्या नकाशात बर्फ होता कुठे? डन मोरो अलायन्सचं, विंटरस्प्रिंग आणि अल्टेरॅकचे डोंगर वादग्रस्त. होर्डच्या हद्दीत बर्फच नव्हता. तिची आवड पाळायची तर जोखीम घ्यावीच लागणार होती.

दुसरा आक्षेप, सर्व्हरच्या ऑनलाइन चर्चामंचावर जाहीर घोषणा करून आमंत्रणच दिलं, हा मला तितकासा पटत नाही. खेळात दोन गटांना एकमेकांची भाषा कळत नाही. समोरच्याचं बोलणं अक्षरांची खिचडी होऊन दिसतं. ‘तेवढा वेळ हल्ला करू नका’ ही विनंती शत्रूपर्यंत पोचवायची तर सर्व्हरच्या मंचाशिवाय सोयीचा मार्ग नव्हता. चूक असलीच तर पहारा न ठेवण्याची. आणि नुकसान नाही म्हणणाऱ्यांनी हेही धरावं की अशा वधांमागे ऑनर, म्हणजे खेळातले मानगुण, मिळत असत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी ते हेच.

२०१८ मध्ये ‘वॉर मोड’ आला आणि पीव्हीपी खेळाडूच्या मर्जीवर गेलं. सुरुवातीला तो आपापल्या राजधानीतच चालू करावा लागे. ‘क्लासिक’ या खेळाच्या जुन्या रूपातल्या आवृत्तीच्या पीव्हीपी सर्व्हरांवर २०१९ पासून जुने नियम परतले, आणि त्यांच्याबरोबर जुना वादही.

‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशयानांच्या खेळात श्रद्धांजली म्हणून सायनो पेटवतात. मुळात हा दूरच्या अवजड जहाजांना उडी मारून येण्यासाठी केलेला इशारा. पेटला की काही मिनिटं जहाज जागचं हलत नाही, आणि सुरक्षित अवकाशात, म्हणजे जिथे सुरक्षेचा आकडा ०.५ किंवा त्यावर असतो तिथे, तो पेटतच नाही. त्यामुळे दिवे लावायचे तर पोलीस नसलेल्या भागात, तेही खिळून बसून. पूर्वी फ्रिगेटसारखं छोटं, स्वस्तातलं जहाज पुरायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये साधा सायनो मोजक्या महाग जहाजांपुरता ठेवला गेला, तेव्हापासून दिवा लावणं खर्चिक झालं.

कंपन्यांनी काढलेली वाट म्हणजे दार लावून घेणं. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये डिसेंबर २०१४ ला आलेला विवाहविधी आमंत्रितांपुरत्या वेगळ्या जागेत होतो. पात्रांच्या लिंगाची अट पहिल्या दिवसापासून नाही. साधा विधी फुकट, थाटामाटाचे दोन प्रकार विकतचे. अंगठीने जोडीदारापाशी थेट जाता येतं. याच खेळात मे २०२१ मध्ये एका नामवंत मांगाकाराच्या (जपानी चित्रकथाकाराच्या) निधनानंतर श्रद्धांजली म्हणून ‘डार्क नाइट’ वर्गाची पात्रं मोठमोठ्या तलवारी घेऊन शहरांच्या रस्त्यांवर उभी राहिली. उघड्यावर असूनही कुणाला धोका नव्हता, कारण तिथे पीव्हीपी चालत नाही. अडचण निराळीच: एका पडद्यावर किती पात्रं दाखवायची याला मर्यादा असते, म्हणून अर्धी गर्दी दिसतच नाही.

२० मार्च २०२० ला ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आला. टाळेबंदीत त्यात लग्नं लागली, इफ्तारही झाले. यात प्रत्येकाचं आपलं बेट; तेव्हा त्यावर यजमान धरून आठच जण मावत. बेटाच्या विमानतळावर पाहुण्यांना आत येण्यासाठीचा पाच अक्षरी डोडो कोड घेऊन वाटायचा. प्रत्येक पाहुणा उतरताना सगळ्यांचा खेळ थांबतो, आणि कुणी खिसा किंवा संवाद उघडा ठेवला असेल तर येणारा बाहेरच ताटकळतो. तेव्हा विधी सुरू होण्याआधी सगळे आत घ्यावेत. एकाचं नेट तुटलं तरी सगळे आपापल्या घरी फेकले जातात, बेट शेवटच्या सेव्हवर जातं आणि त्यानंतर दिलेला आहेर नाहीसा होतो. उरलेल्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर बसवणं एवढंच हाती राहतं.