सनबेड आणि स्किनच्या डॉक्टरांचं लाइट मशीन एकच का?

कोडासाठी 'लाइट घ्यायला' जाणारं कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतंच. त्यामुळे इंग्लंडमधे १८ च्या आतल्या पोरांना सनबेड, म्हणजे कातडी तपकिरी करायची ट्यूबवाली मशीन, बंद आहे असं ऐकलं की पहिला प्रश्न हाच येतो, अरे मग डॉक्टर शाळकरी पोरांना तसल्याच ट्यूबवाल्या केबिनमधे उभं करतात ते कसं चालतं?

तर केबिन सारखी दिसते, पण आतला प्रकाश वेगळा. कोड, सोरायसिसला आता बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी देतात, म्हणजे अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचा एक अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, उपचाराला लागतो तेवढाच भाग. सनबेडमधे मुख्यतः यूव्हीए (अतिनील किरणांचाच दुसरा प्रकार) आणि थोडा यूव्हीबी, काम एकच, गोरी कातडी तपकिरी करायची. आणि ती तपकिरी का होते, तर पेशींच्या डीएनएला मार बसतो म्हणून शरीर बचावासाठी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतं, हेल्दी ग्लो वगैरे सगळी जाहिरातबाजी.

त्याहून मोठा फरक डोसचा. दवाखान्यात कमी डोसपासून सुरू करतात, आठवड्यातून दोन-तीनदा, डोळ्यांना गॉगल, प्रत्येक वेळची नोंद फाइलवर, कातडी लाल झाली की पुढचा डोस कमी नाहीतर बंद. सलूनमधे मिनिटं विकतात, गिऱ्हाईक जितक्या वेळा येईल तितकं बरं!

आता दवाखान्यातलं सगळं निर्धोक असंही नाही हां. जुनं पुवा, म्हणजे सोरालेनची (कातडी प्रकाशाला जास्त संवेदनशील करणारं औषध) गोळी घेऊन वर यूव्हीए, त्याने कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध आहे, आणि आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००९ मधे सनबेड ज्या ग्रुप १ मधे, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत, टाकले (तंबाखू पण तिथेच) त्यात पुवा पण आहे. पण आजार असला की डॉक्टर फायदा-तोटा तोलून बघतात, नुसत्या टॅनसाठी तोलायचं काय?

म्हणूनच इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात, २०११ पासून लागू आहे तो, वैद्यकीय उपचाराला सूट आहे. मला विचाराल तर वयाची अट अर्धवटच, अठरावा वाढदिवस झाला म्हणून कातडी काय जाड होते का? ब्राझीलने २००९ मधेच सौंदर्यासाठीचे सनबेड सगळ्यांनाच बंद केले. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर ही २६ वर्षांची मुलगी २००७ मधे मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरने गेली, जाण्याआधी ती सोलॅरियमविरुद्ध (सनबेडला तिथे असंच म्हणतात) जाहीरपणे बोलत होती, त्यानंतर व्हिक्टोरिया राज्याने आधी वयाची अट लावून बघितली आणि २०१५ पासून सरळ धंदाच बंद केला. स्किनच्या डॉक्टरांची मशीन्स तिथे अजून चालूच आहेत.