बँकेत कॅशिअर व्हायचंय? महाराष्ट्रातील उमेदवार आणि पालकांसाठी माहितीपत्रक

‘मला कॅशिअरचाच फॉर्म भरायचाय,’ असं सांगत बरेच जण आमच्या केंद्रात येतात. सरकारी बँकांत कॅशिअरची वेगळी भरती नसते. भरती होते लिपिकाची. स्टेट बँक त्या पदाला ज्युनिअर असोसिएट म्हणते. बाकीच्या सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसने 2025 पासून त्याचं नाव कस्टमर सर्व्हिस असोसिएट केलं आहे. रुजू झाल्यावर कॅशला बसवायचं की खाती उघडण्याच्या टेबलावर, हे शाखा ठरवते.

पगार

याबाबत ऐकीव आकडे फार फिरतात, म्हणून नेमकं सांगतो. बँका आणि कर्मचारी संघटनांमधला बारावा द्विपक्षीय करार 8 मार्च 2024 रोजी झाला आणि 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू धरला गेला. त्यानुसार लिपिकाचं मूळ वेतन 24,050 रुपयांपासून सुरू होऊन 64,480 पर्यंत जातं. स्टेट बँक पदवीधराला सुरुवातीलाच दोन वेतनवाढी देते, म्हणजे 26,730. त्यावर महागाई भत्ता (दर तीन महिन्यांनी बदलतो), विशेष भत्ता, घरभाडे आणि वाहतूक भत्ता. मुंबईसारख्या महानगरात हे सगळं मिळून महिन्याला सुमारे 46,000 रुपये होतात, असं स्टेट बँकेनेच जाहिरातीत म्हटलं आहे.

एवढी रक्कम हातात मात्र पडत नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के एनपीएसमध्ये (निवृत्तिवेतन योजनेत) जातात. बँक तिच्या बाजूने 14 टक्के घालते. शिवाय व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. पुढे जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांसाठीची परीक्षा उत्तीर्ण झालात तर एक वेतनवाढ, तिच्या पुढच्या सीएआयआयबीला दोन. नोकरी लागली की पुस्तकं बांधून ठेवू नका, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

खासगी बँका टेलर (काउंटरवरचा कॅशिअर) म्हणून थेट घेतात, पण सांगतात तो सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावरच्या एकूण खर्चाचा, वार्षिक आकडा. त्यात बँकेचा पीएफचा वाटा धरलेला असतो, अनेकदा ग्रॅच्युइटीही. दरमहा हातात किती, हे लेखी विचारा. विमा, कार्ड विकायचं टार्गेट आहे का, तेही विचारा. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका आपापली भरती स्वतंत्रपणे काढतात. तिथला पगार त्या त्या बँकेच्या कुवतीनुसार, त्यामुळे सरसकट आकडा सांगण्यात अर्थ नाही.

जागा निघतात का?

निघतात, पण भरवसा धरू नये. स्टेट बँकेने 2024 च्या जाहिरातीत देशभरात 13,735 नियमित जागा काढल्या होत्या. 2025 मध्ये 5,180. यूपीआय आणि पैसे भरण्याच्या यंत्रांमुळे काउंटरवरची गर्दी घटली आहे, आणि ती परत वाढेल असं आम्हाला वाटत नाही. ग्रामीण बँकांचंही चित्र बदललं: 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, आता राज्यात एकच ग्रामीण बँक. म्हणून आमचा सल्ला असा, की ही नोकरी अधिकारीपदाची पहिली पायरी म्हणून धरा. जन्मभर काउंटर सांभाळायचा विचार असेल, तर पुन्हा विचार करा.

काउंटरवरचं काम

नोटा मोजायला यंत्र असतं. जबाबदारी माणसाची असते. दिवसअखेर हातातली रोकड आणि संगणकातला आकडा जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. कमी भरली तर तूट सहसा कॅशिअरच्याच खिशातून जाते. बनावट नोट सापडली तर ती ग्राहकाला परत करायची नाही. शिक्का मारून जप्त करायची आणि पोचपावती द्यायची. एका व्यवहारात अशा पाच किंवा जास्त नोटा निघाल्या, तर पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो. समोरचा ग्राहक वर्षानुवर्षांच्या ओळखीचा असला तरी.

फॉर्म कुठे अडतो

पात्रता सोपी: कोणत्याही शाखेची पदवी, वय 20 ते 28, राखीव प्रवर्गांना सवलत. गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न मराठीतून सोडवता येतात, इंग्रजीचा भाग सुटत नाही. अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत मराठी असेल, तर स्टेट बँक भाषेची वेगळी चाचणी घेत नाही.

घोळ होतो तो दाखल्यांचा. ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. कॉलेज प्रवेशासाठी काढलेला राज्याचा चालत नाही. एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे, बँक भरतीत ते धरलं जात नाही. निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढा. भटक्या विमुक्तांना केंद्रात वेगळा रकाना नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. तहसीलमधून दाखला मिळायला वेळ लागतो, जाहिरातीची वाट पाहत बसू नका.

आणखी एक. लिपिक पदाला मुलाखतच नसते. ‘इंटरव्ह्यूला सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

अर्ज भरायला येताना दहावीची गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, दाखले, फोटो आणि चालू मोबाइल नंबर आणा. सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि इंग्रजीतलं हस्तलिखित प्रतिज्ञापत्र उमेदवाराचंच लागतं, त्यामुळे वडिलांना एकट्याला पाठवून काम होणार नाही.