सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून स्प्रिंग आवळायची?

‘व्हॉल्व्ह फुसफुसतोय? अर्धा आटा मार, बंद होईल.’ ट्रॉम्बेपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंतच्या बॉयलर हाऊसमध्ये फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. आवाज थांबतो खरा, पण सेट प्रेशरही, म्हणजे ज्या प्रेशरला व्हॉल्व्ह उघडतो तेही, वर सरकतं. गळतीचं मूळ सीट आणि तिच्यावर झाकणासारख्या बसणाऱ्या डिस्कमध्ये असतं: वाफेने कापलेला चर, नाहीतर अडकलेला कचरा. त्यावर इलाज लॅपिंगचा, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग घासून सपाट करण्याचा. बॉयलरच सेट प्रेशरच्या फार जवळ चालवत असाल, तर आधी प्रेशर उतरवा.

सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या) व्हॉल्व्हवर हा प्रयोग सगळ्यात महागात पडतो. तो ड्रमवरच्या (बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीवरच्या) व्हॉल्व्हच्या आधी उडावा (उघडावा) असाच लावलेला असतो. म्हणजे सुटणारी वाफ सुपरहीटरच्या नळ्यांतून वाहते आणि त्यांना थंड ठेवते. तो आवळला की ड्रमचा आधी उडतो, नळ्यांतला प्रवाह घटतो आणि त्या नको तितक्या तापतात.

दुसरा गोंधळ व्हॉल्व्हमधल्या ॲडजस्टिंग रिंगचा. उडण्याचं प्रेशर ठरतं स्प्रिंगच्या स्क्रूवर; रिंगने ठरतो ब्लोडाऊन, म्हणजे उडाल्यावर प्रेशर किती उतरलं की व्हॉल्व्ह पुन्हा बंद होतो ते. 100 बारला उडणारा व्हॉल्व्ह 4 टक्के ब्लोडाऊनवर 96 ला बसतो. सेटिंग खरंच बदलायचं तर कॅलिब्रेट केलेला गेज, हळूहळू चढवलेलं प्रेशर, समोर बॉयलर निरीक्षक आणि शेवटी सील.