शेजारी कोण नको आणि कारभार कसा हवा

‘परदेशातून राहायला येणाऱ्या लोकांमुळे आपला देश राहण्याच्या दृष्टीने बिघडतो आहे की सुधारतो आहे?’ शून्य म्हणजे बिघडतो आहे, दहा म्हणजे सुधारतो आहे. २००२ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी होणाऱ्या ‘युरोपियन सोशल सर्व्हे’त हा प्रश्न विचारला जातो, त्याच प्रश्नावलीत देशातील लोकशाही कारभाराबद्दलच्या समाधानालाही शून्य ते दहा असेच गुण द्यायचे असतात. या सर्वेक्षणाच्या आधारे राज्यशास्त्रज्ञ लॉरेन मॅकलॅरेन यांनी २०१२ मध्ये दाखवले, की स्थलांतरामुळे देशाचे नुकसान होते असे ज्यांना वाटते, त्यांचा राजकीय संस्थांवरील विश्वासही कमी असतो.

तथापि, कारभारावरची नाराजी म्हणजे लोकशाहीला नकार नव्हे, आणि माझ्या मते खरा धोका नाराजीत नाहीच. अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या ‘वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे’त लोकांपुढे एक यादी ठेवली जाते आणि यांपैकी शेजारी म्हणून कोण नको, असे विचारले जाते, यादीत स्थलांतरित किंवा परकी कामगार, वेगळी भाषा बोलणारे असे गट असतात. पुढे केव्हातरी, संसद आणि निवडणुका यांची पर्वा करावी न लागणारा खंबीर नेता असणे कितपत चांगले, हाही प्रश्न येतो. अमेरिकेतील गोऱ्या नागरिकांची उत्तरे स्टीव्हन मिलर आणि निकोलस डेव्हिस या राज्यशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा असे शेजारी नको म्हणणाऱ्यांमध्ये खंबीर नेत्याकडे, इतकेच नव्हे तर लष्करी राजवटीकडेही, अधिक कल आढळला. लोकशाही चांगली आहे का, एवढेच विचारले तर बहुतेक जण होकारच देतात. ती कोणाकोणासाठी, हे विचारल्यावर मतभेद उघड होतो.

मात्र एकाच वेळी घेतलेल्या उत्तरांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. आपली नोकरी जाईल ही भीतीही स्थलांतरितांना होणाऱ्या विरोधाचे पुरेसे स्पष्टीकरण देत नाही: जेन्स हाइनम्युलर आणि डॅनियल हॉपकिन्स या राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यानुसार स्वतःच्या खिशापेक्षा देशाचे आणि संस्कृतीचे काय होईल, ही चिंता अधिक प्रभावी असते.

हे निष्कर्ष पुण्याला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. सकाळी मजूर अड्ड्यावर कामाची वाट पाहणारा बिहारचा किंवा मराठवाड्याचा माणूस परका नाही. देशात कोठेही राहण्याचा त्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात नोंदलेला आहे. तरीही त्याला परप्रांतीय किंवा बाहेरचा म्हटले जाते, आणि अनेकदा त्याचे नाव गावच्याच मतदारयादीत असल्यामुळे येथील नगरसेवकाला त्याच्या मताची गरज भासत नाही. म्हणून पुण्यात असा अभ्यास करायचा, तर महापालिकेच्या कारभाराबद्दलचे समाधान, निवडणुकांवरची निष्ठा आणि सोसायटीतील सदनिका कोणाला भाड्याने देऊ नये याविषयीचे मत, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतील. शिवाय ते मजूर अड्ड्यावरच्या माणसालाही विचारावे लागतील.