पीव्हीएची फिल्म, धातूचे क्षार आणि बँड गॅप: थोडी पार्श्वभूमी

नागपुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांपुढे प्रकल्पाचा प्रश्न आला की एक विषय हटकून निघतो. पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, गरम पाण्यात विरघळवायचं, त्यात कॉपर क्लोराइड किंवा फेरिक क्लोराइड मिसळायचं, पेट्री डिशमध्ये ओतून वाळवायचं आणि सोलून काढलेल्या फिल्मचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) काढायचा. खर्च कमी, धोकाही फारसा नाही. पण या कामामागे तीन निरनिराळ्या वाटा आहेत, आणि त्या ठाऊक नसल्या की आलेख भलताच वाचला जातो.

पहिली वाट उजेडाचीच. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी जर्मनीत हेरमान आणि हेनेल यांनी पीव्हीए तयार केलं. १९३८ मध्ये अमेरिकेत एडविन लँड यांनी पीव्हीएची फिल्म ताणून तिला आयोडीन पाजलं. आयोडीन नुसत्या पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून सोबत पोटॅशियम आयोडाइड लागतं. त्यातून बनणारे पॉलिआयोडाइडचे (आयोडीनचे अनेक अणू जोडलेले) लांबट आयन ताणलेल्या साखळ्यांच्या दिशेने रांगेत बसतात आणि त्या दिशेने कंप पावणारा प्रकाश शोषतात. एलसीडी पडद्यांतला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म, आजही मुख्यतः असाच बनतो.

दुसरी वाट विजेची. १९७३ मध्ये फेंटन, पार्कर आणि राइट यांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड अल्कली धातूंच्या क्षारांशी बांधलं जातं हे दाखवलं, आणि त्यातून घन बॅटरीचं स्वप्न उभं राहिलं. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी हॅलोजनच्या वाफेने पॉलिअ‍ॅसिटिलीनची वाहकता कित्येक पटींनी वाढवली. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. दोन्हींना आपण डोपिंगच (थोडा परका पदार्थ मिसळून गुणधर्म बदलणं) म्हणतो, पण आत घडतं ते वेगळं. पॉलिअ‍ॅसिटिलीनमध्ये साखळीतलेच इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. पीव्हीएमध्ये मात्र, पॉलिइथिलीन ऑक्साइडच्याच धर्तीवर, धातूचा आयन साखळीवरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरतो, साखळ्यांमधले हायड्रोजन बंध विस्कटतात आणि बहुधा स्फटिकता घटते. शोषणाची कड, म्हणजे जिथून प्रकाश जोरात शोषला जाऊ लागतो ती जागा, लांब तरंगलांबीकडे सरकते, अपवर्तनांक बहुतेक वेळा वाढतो.

तिसरी वाट मात्र पॉलिमरची नव्हेच. बँड गॅप काढायला आपण शोषणाच्या आलेखावर जी सरळ रेघ ओढतो, ती १९६६ मध्ये टाउक, ग्रिगोरोविच आणि वांकू यांनी अस्फटिक जर्मेनियमसाठी वापरली होती. कडेच्या खाली रेंगाळणाऱ्या शोषणाचा जो शेपटा आपण मोजतो, तो अर्बाख यांनी १९५३ मध्ये मांडला, तोही सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या स्फटिकांसाठी. ही मापं पीव्हीएला लावायला हरकत नाही. पण तिथे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे जर्मेनियमसारखे रुंद पट्टे नाहीत, हे विसरून चालणार नाही.

फेरिक क्लोराइडचं उदाहरण बघा. फिल्म पिवळसर तपकिरी होते आणि गॅप चांगलाच उतरलेला दिसतो. निष्कर्षात लिहिलं जातं की पॉलिमरचा गॅप घटला. खरं तर लोह आणि क्लोराइड यांच्यात इलेक्ट्रॉनची जी देवघेव होते, तिचंच जोरदार शोषण अतिनील ते निळ्या भागात पडतं, आणि रेघ नेमकी त्याच्यावरून जाते. तो आकडा बऱ्याच अंशी क्षाराचा असतो. माझ्या मते अशा प्रकल्पात तेच फेरिक क्लोराइड नुसत्या पाण्यात घेऊन त्याचा आलेख शेजारी लावलाच पाहिजे.

दुसरी अडचण इथल्या हवेची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा फिल्म भराभर वाळते आणि कडांना वळते. जुलैत तीच फिल्म मऊ, चिकट राहते, कारण पीव्हीए हवेतला ओलावा ओढतं. कोबाल्ट क्लोराइड घातलं असेल तर फरक डोळ्यांनाच दिसतो: कोरड्यात निळी, दमट हवेत गुलाबी. पाण्याचे रेणू कोबाल्टभोवती येऊन बसतात आणि शोषणाचा पट्टाच बदलतो. त्यामुळे वेगवेगळ्या ऋतूंत ओतलेल्या फिल्म एकाच तक्त्यात मांडायच्या असतील तर त्या मोजण्याआधी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) सारख्याच वेळ ठेवाव्यात, आणि प्रत्येकीची जाडी व त्या दिवशीची आर्द्रता आकड्याशेजारी लिहावी.