उजेड देऊन केलेला अंधार

फोटो ‘धुवायला टाकायचे’ दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकीही अनेकांना डार्करूममधली, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतली, एक गोष्ट ठाऊक नसते. तिथे फोटोतला एखादा भाग काळा करायचा, तर त्याला जास्त उजेड द्यावा लागे. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राचा, दिवा निगेटिव्हमधून ब्रोमाइड पेपरवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, पडतो, आणि जिथे तो जास्त वेळ पडला तिथे पेपर डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, अधिक काळा होतो. मग माणूस उठून दिसावा म्हणून काय करायचे? आधी सगळ्या पेपरला ठरलेले सेकंद द्यायचे. नंतर माणसावर हात धरायचा, किंवा पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फक्त मागच्या भागावर उजेड सोडायचा. हात सतत हलता हवा, थांबला की कडेची रेघ उमटते. याला म्हणतात ‘बर्निंग’. उलट, एखाद्या भागावर सावली धरून तो उजळ राखणे म्हणजे ‘डॉजिंग’. फोटोशॉपमधली वळलेल्या हाताची आणि काडीवरच्या चकतीची चिन्हे इथूनच आली.

गडद पार्श्वभूमीतून चेहरा बाहेर काढण्याची कल्पना अर्थात कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. कारावाज्जो आणि रेम्ब्रांट या चित्रकारांनी ती रंगांत केली. फोटोग्राफीत ती किती दूर नेता येते, हे पाहायचे तर मला अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सच्या एकाच निगेटिव्हपाशी थांबावेसे वाटते.

१९४१च्या नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावापाशी त्याने गाडी थांबवली. चंद्र वर आला होता आणि दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचे शेवटचे ऊन होते. उजेड मोजायचा लाइटमीटर सापडेना. चंद्राची प्रखरता, चौरस फुटाला २५० कँडल, त्याला पाठ होती; त्यावरून त्याने एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, ठरवले. दुसरी निगेटिव्ह घ्यायच्या आत क्रुसांवरचे ऊन गेले.

खरी मेहनत पुढे डार्करूममध्ये झाली. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश राखाडी आहे, त्यात ढगांचे फिके पट्टे दिसतात. १९४८मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या, जमिनीच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून त्याची घनता वाढवली, म्हणजे प्रिंटमध्ये तो भाग उजळ यावा. पुढची कित्येक वर्षे तो आकाश अधिकाधिक बर्न करत गेला. नंतरच्या प्रिंटांत ते जवळजवळ काळे आहे, आणि गाव व क्रूस त्याखाली लख्ख उभे राहतात. दोन्ही प्रिंटा शेजारी ठेवल्या तर निगेटिव्ह एकच आहे यावर विश्वास बसत नाही. मला नंतरची प्रिंट जास्त भावते. पण पहिलीत संध्याकाळची जी हवा आहे, ती दुसरीत उरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या २००८मधल्या दुसऱ्या आवृत्तीत अॅडजस्टमेंट ब्रश आला आणि मूळ फाइलला धक्का न लावता हवा तेवढाच भाग गडद करता येऊ लागला. आता तर विषय आणि पार्श्वभूमी सॉफ्टवेअरच वेगळी करून देते. डार्करूममध्ये प्रत्येक प्रिंटला पुन्हा हात फिरवावा लागे, ती मर्यादा संपली.

कलाकृतीत हे सगळे चालते, बातमीच्या छायाचित्रात मात्र ते नाजूक होते. २००३मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या वृत्तछायाचित्रकार संघटनेने एका छायाचित्रकाराची तीन पारितोषिके परत घेतली, कारण त्याने मागचा भाग इतका गडद केला होता की तिथले तपशीलच दिसेनासे झाले होते. त्याने वस्तू कापून काढली नव्हती, पण वाचकाच्या दृष्टीने ती गेलीच होती. मला तो निर्णय योग्य वाटतो. मागची गर्दी मंद करणे वेगळे आणि गर्दी होती हेच कळू न देणे वेगळे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमांतही नेमकी हीच रेघ आहे: मर्यादित डॉजिंग-बर्निंगला परवानगी, पण बर्न करून पार्श्वभूमी नाहीशी करायला मनाई.